शेवटच्या ठीक कधी होत्या?

माझ्या बायकोला पक्षाघाताचा झटका आला. अपघात विभागात हिला खाटेवर घेतलं तेव्हा डॉक्टरांनी नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, "या शेवटच्या ठीक कधी होत्या?" मी सांगितलं, साडेआठला. साडेआठला तिने खळ्यातून, म्हणजे अंगणातून, हाक मारली होती, "अवो, मीठ संपला. येताना घेवन येवा." नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या तोऱ्यात. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नर्सला म्हणाले, "वेळ आहे. सीटीला घ्या."

हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. आपल्याला कधी कळलं याला महत्त्व नाही. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथपासून मिनिटं मोजतात. रात्री दहाला बरा झोपलेला माणूस पहाटे पाचला तोंड वाकडं होऊन उठला, तर हिशेब रात्री दहापासून धरतात. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं असेल तर साधारण साडेचार तासांच्या आत, आणि त्यातही जितकं लवकर तितका फायदा जास्त. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. हा आकडा मला नंतर कळला. त्या सकाळी कळला असता तर माझे हातपाय गळाले असते.

आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत, ओहोळाच्या पलीकडच्या वाडीत. मे महिना होता. रतांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, हंगाम. ही खळ्यात पाटावर बसून रतांबे फोडत होती. बिया आणि गर एका टोपात, सालं सुपात, असं तिचं काम यंत्रासारखं चालतं. मी पडवीत चहा घेत होतो. एक रतांबो तिच्या हातातून सुटला. तिने परत उचलला, परत सुटला. मग ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. मी विचारलं, "काय झाला गो?" ती बोलली. चाल आमच्या मालवणीची होती, हेल बरोबर होता, पण शब्द एकही नव्हता. उजवीकडे ओठाचा कोपरा खाली उतरला होता.

हाका मारल्या तशी माणसं जमली. आमच्याकडे माणसं जमायला वेळ लागत नाही, आणि जमली की प्रत्येकाकडे एक उपाय असतो. थोरल्या काकांनी बघताच सांगितलं, "अंगावरसून वारो गेलो." कुणी लिंबाचं सरबत करून आणलं. कुणी तेल कोमट करायला धावलं. कबुतराचं रक्त चोळण्याची गोष्ट निघाली, लकव्यावर झाडपाला देणाऱ्या एका वैद्याच्या गावाचं नाव निघालं, देवाकडे गाऱ्हाणं घालायचं ठरलं. ही सगळी मायेची माणसं. त्यातलं कुणीही वाईट चिंतणारं नव्हतं. पण त्या पंधरावीस जणांत बरोबर काय करायचं हे एकाच व्यक्तीला ठाऊक होतं. ती म्हणजे शेजारची सून. ती आशा कार्यकर्ती आहे.

ती आली आणि हिच्यासमोर उकिडवी बसली. "काकी, हसा बघया." हसू एकाच बाजूने आलं. "दोनय हात वर करा." डावा वर राहिला, उजवा हळूहळू खाली आला. "माजा नाव काय, सांगा." हिने तोंड उघडलं, आवाज आला, नाव आलं नाही. इतकंच. अर्धं मिनिटही लागलं नसेल. चेहरा, हात, बोलणं. तिघांपैकी एक जरी अचानक बिघडलं तरी पक्षाघात समजून पळायचं. याशिवाय अचानक तोल जाणं, एका किंवा दोन्ही डोळ्यांना अचानक दिसेनासं होणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, हीसुद्धा त्याचीच लक्षणं. मुख्य शब्द 'अचानक' हा.

सरबताचा पेला तिने बाजूला ठेवायला लावला. पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही लुळे पडू शकतात, पाणी श्वासनलिकेत जातं, आणि मेंदूच्या झटक्यातून वाचलेला माणूस न्यूमोनियाने दगावतो. ॲस्पिरिनचीही गोळी नको. गुठळी अडकली आहे की रक्तवाहिनी फुटली आहे, हे बाहेरून बघून मोठ्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. शंभरातले साधारण ८५ झटके गुठळीचे असतात, उरलेले रक्तस्रावाचे. दोन्हींत माणूस सारखाच दिसतो. एकाला जे औषध तेच दुसऱ्याला विष. म्हणून सीटी स्कॅन झाल्याशिवाय काही नाही.

तिने १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका दुसऱ्या टोकाला गेलेली होती. दारात पुतण्याची गाडी उभी होती. "पयला जवळच्या दवाखान्यात दाखवूया," असं दोघातिघांनी सुचवलं, आणि माझ्याही मनात तेच होतं. तिने ठाम सांगितलं, "सीटी स्कॅन जंय आसा थंयच जावक होया." आणि गाडी निघायच्या आत तिने तिथे फोन करून कळवलं की अशी अशी पेशंट येते आहे, साडेआठला ठीक होती. त्या फोनमुळे आम्ही पोचलो तेव्हा खाट दाराशी होती.

गाऱ्हाण्याबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे: ते जरूर घालावं. आमच्यासाठीही घातलं, आणि मला त्याचा आधार वाटला. पण गाडी वाडीबाहेर पडल्यावर घातलं. थोरल्या काकांनीच मग तसं सांगितलं, "तू जा, देवाक मी बघतंय." चौके, धामापूर मागे पडलं तोवर हिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, कुशीवर, लाळ बाहेर येईल असं. डावा हात माझा शर्ट धरून होता. उजव्याला मी धरलं होतं. त्यात जोर नव्हता.

रुग्णालयात आधी बोटाला टोचून साखर बघितली, कारण साखर फार उतरली तरी माणूस असाच दिसतो. रक्तदाब घेतला, वजन विचारलं, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते. सीटीत रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन अगदी सरळ सांगितलं की गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनने शंभरातल्या काही जणांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि न दिलं तर उजवी बाजू आणि वाचा कायमची जाण्याची शक्यता मोठी. मुलगा डोंबिवलीला, फोनवर. तो म्हणाला, "बाबा, सही करा." केली.

संध्याकाळी तिने उजवा पाय गादीवरून वर उचलला. हात नुसता हलला. वाचा नव्हती. मी हे मुद्दाम लिहितो, कारण इंजेक्शन दिलं की माणूस उठून चालत घरी येतो अशी समजूत घेऊन कुणी बसू नये. काहींच्या बाबतीत तसंही होतं. आमच्या बाबतीत एवढं झालं की पुढच्या महिन्यांत ज्याच्यावर काम करता येईल असं काहीतरी शिल्लक राहिलं. मी त्या सकाळचा सगळा हिशेब याच एका गोष्टीत मांडतो.

कारण निघालं ते हृदयात. लहानपणी हिला सांधे सुजण्याचा ताप आला होता. सासूबाई सांगायच्या की गुडघ्यांवर निर्गुडीचा पाला बांधून महिनाभर निजवून ठेवली होती. त्या तापाने हृदयाची एक झडप तेव्हाच बिघडली आणि वर्षानुवर्षं आकसत गेली. ठोके अनियमित झाले, डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साचून राहायला लागलं, तिथे गुठळी धरली आणि ती थेट मेंदूत गेली. घाटी चढताना तिला धाप लागायची. वाडीतल्या सगळ्याच बायकांना लागते, वय झालं, असं सगळे म्हणायचे. साध्या ईसीजीत आणि इकोत जे दिसतं ते तोवर कुणी बघितलंच नव्हतं. आमच्या पिढीत असा ताप येऊन गेलेली माणसं गावोगाव असतील. ज्यांना ते आठवतं त्यांनी एकदा हृदय तपासून घ्यावं.

तिला तोंडाने काही द्यायच्या आधी रुग्णालयात गिळण्याची चाचणी घेतली. चमचाभर पाण्याला ठसका लागला, म्हणून काही दिवस नाकातून नळी. मग सांगण्यात आलं की पातळ नको, घट्ट द्या. आमच्याकडे पेज हा सकाळचा जीव. पण पेजेवरचं निवळ पाणी हेच तिला धोक्याचं होतं. मग आटवल करायला शिकलो. जुना तांदूळ, भरपूर शिजवलेला, पळीने घोटलेला, पाणी सुटणार नाही असा. ताठ बसवायचं, हनुवटी किंचित छातीकडे, चमचा डाव्या बाजूने, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. उजव्या गालात घास राहून जातो, तो बोटाने काढायचा. ज्या बाईने चाळीसेक वर्षं मला वाढलं, तिच्या गालातला भात काढताना मला कधीच किळस आली नाही. ती मात्र डोळे मिटून घ्यायची.

घरी आणलं तेव्हा कळलं की आमचं घर चालत्या माणसासाठी बांधलेलं आहे. खळ्यातून पडवीत दोन पायऱ्या, पडवीतून माजघरात उंबरा, संडास मागीलदारी. सुताराला बोलावून वाशांचे कठडे मारून घेतले, उंबऱ्यांवर फळ्यांचे उतार केले, खुर्चीला भोक पाडून खाली बादली ठेवली. फिजिओथेरपिस्ट ताई तालुक्याच्या गावाहून आठवड्यातून यायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी व्यायाम शिकवलाच नाही. आधी काय करायचं नाही ते शिकवलं. लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही. उठवताना काखेत हात घालून उचलायचं नाही. लुळ्या हाताचा खांदा नुसत्या हाताच्या वजनाने निखळतो, आणि मग तो इतका दुखतो की माणूस पुढचा कुठलाच व्यायाम करू देत नाही. बसलेली असताना उजव्या हाताखाली उशी. कुशीवर असताना पुढे उशी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडावर जखम होते. भेटायला येणारी माणसं प्रेमाने नेमका तोच हात धरून वर उचलायची, "बघू, येता काय जोर?" त्यांना दारातच सांगावं लागायचं. ते काम मी पुतणीला दिलं, ती बारा वर्षांची आहे आणि कुणालाच घाबरत नाही.

कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना लुळा हात शेवटी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. काठी चांगल्या हातात. या तीन गोष्टी मी एका पुठ्ठ्यावर लिहून माजघराच्या दाराला लावल्या, कारण मुलगा, सून, नणंद, जो कोणी यायचा तो आपल्या पद्धतीने सुरू करायचा आणि ही बिचकायची. लुगडं ती अजून नेसत नाही, गाऊन घालते. त्याचं तिला फार वाईट वाटलं. वेणी मी घालतो. पहिल्या वेळी ती सैल झाली, तिने डाव्या हाताने सोडून टाकली आणि पाठ माझ्याकडे करून परत बसली. म्हणजे पुन्हा घाला. त्या दिवशी मला वाटलं की ही आता सुधारणार.

वाचेचं सगळ्यात अवघड गेलं. हात लुळा असला तर दिसतो, लोक सांभाळून घेतात. वाचा गेली की लोक समजतात अक्कल गेली. तिला सगळं समजत होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला जिथे बोलणं घडतं तिथे इजा होती, समजण्याच्या जागेला नव्हती. पण येणारे जाणारे तिच्याशी मोठ्याने बोलायचे, जणू ती बहिरी आहे. किंवा तिच्यासमोरच मला विचारायचे, "आता काय, अशीच रवतली?" तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तेच लोक म्हणायचे, "बघा, समजता हां तिका." मी एकदा एका जवळच्या नातेवाइकाला उठून बाहेर नेलं आणि सांगितलं की तिच्याशी बोलायचं तर तिच्याकडे बघून बोला, नाहीतर चहा घेऊन निघा. ते रागावले. पुढच्या खेपेला आले तेव्हा तिच्या शेजारी बसले आणि माशांचे भाव सांगत राहिले. तिला ते फार आवडलं.

सुरुवातीला तिच्याकडे एकच शब्द होता, 'पेज'. पाणी हवं, पेज. उशी हलवा, पेज. मुलगा कधी येणार, पेज. वाचातज्ज्ञ आमच्या भागात मिळाल्या नाहीत. मुलाने मुंबईच्या एकींशी व्हिडिओवर गाठ घालून दिली. त्यांनी आम्हालाच शिकवलं. टीव्ही बंद करायचा. एका वेळी एकाने बोलायचं. प्रश्न असा की हो-नाहीत उत्तर देता येईल. विचारून झालं की थांबायचं, मनात दहा आकडे मोजायचे, आणि तिचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. हे थांबणं फार कठीण. माणूस शब्दासाठी धडपडताना दिसतो, तो शब्द आपल्याला माहीत असतो आणि आपण गप्प बसायचं. मग घरातल्या वस्तूंचे, माणसांचे फोटो काढून वही केली. त्यात तिची आडाळी, म्हणजे विळी, होती, चूल होती, गाय होती, नातू होता. बोट ठेवायची आणि शब्द शोधायची.

गणपतीत एक गोष्ट झाली. आरतीला सगळे उभे, तिला खुर्चीवर बसवलं होतं. टाळ सुरू झाले आणि पहिल्या कडव्याच्या मध्यावर मला तिचा आवाज आला. शब्द. पूर्ण, स्पष्ट शब्द, चालीत बसलेले. जिला 'पाणी' म्हणता येत नव्हतं ती अख्खी आरती म्हणत होती. वाडीतल्या बायका रडायला लागल्या, देवाने वाचा दिली म्हणून. मी लगेच व्हिडिओ पाठवला. वाचातज्ज्ञ म्हणाल्या की असं होतं. तोंडपाठ गाणं, मोजणी, वार, महिने, हे मेंदूत वेगळ्या वाटेने साठवलेलं असतं आणि गाण्याला उजवी बाजूही हातभार लावते. आता त्या वाटेनेच साधे शब्द बाहेर काढायचे. मग आम्ही चाल लावून बोलायला लागलो. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून 'पा-णी-दे'. 'च-हा-दे'. बायकांच्या भजनी मंडळाने शनिवारची बैठक आमच्या पडवीत आणली, तिच्यासाठी. मी म्हणेन की औषधाइतकंच या बैठकीने काम केलं. देवाने दिली असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. दर शनिवारी येऊन टाळ वाजवत बसणाऱ्या त्याच बायका होत्या.

मनाचंही सांगायला हवं. पावसाळ्यात ती अचानक सगळं सोडून बसली. व्यायाम नाही, वही नाही, खाणं अर्धं. मध्येच कारण नसताना हसू यायचं, ते थांबायचं नाही, मग रडू. लोक म्हणाले काहीतरी बाहेरचं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की हसण्यारडण्यावरचा ताबा सुटणं हा मेंदूच्या इजेचा भाग आहे, आणि पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला उदासीनतेचा आजार गाठतो. त्यावर गोळी असते. दोनतीन आठवड्यांनी फरक पडायला लागला. घरातल्या माणसाने याला 'नखरे' म्हणू नये, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. आणि जो सांभाळतो त्यालाही कुणीतरी विचारावं. माझ्या बाबतीत मेहुण्याने ते केलं. तो रविवारी यायचा आणि मला सांगायचा, "तुमी समुद्रार जावन येवा." मी जाऊन होड्या बघत बसायचो. एवढ्यावर पुढचा आठवडा निघायचा.

गोळ्यांचं शिस्तीने पाळावं लागलं. तिच्या झडपेसाठी रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी आहे. मेंदूतली जखम किती ते बघून काही दिवसांनी सुरू केली, आता कायमची. तिच्यासाठी आयएनआर नावाची रक्ततपासणी लागते, तिचा आकडा २ ते ३ च्या मध्ये हवा. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. आणि इथे आमचा पावसाळा आडवा आला. पहिला पाऊस पडला की टाकळा उगवतो, अळू माजतं, शेवग्याचा पाला होतो, घराघरांतून हिरव्या भाज्यांची भांडी येतात. हिरव्या पाल्यात जे के जीवनसत्त्व असतं ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं. आकडा खाली आला. डॉक्टर म्हणाले, पाला बंद करू नका, पण दर आठवड्याला सारखाच ठेवा, एकदम ढीग नको, एकदम शून्य नको. मग ठरवलं, बुधवार आणि शनिवार, एक वाटी. दुकानातून आणलेली सांधेदुखीची गोळी मात्र पूर्ण बंद, तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हिरड्यांतून रक्त, काळी शौचाला झाली, तर लगेच दाखवायचं. काढा, चूर्ण काहीही आधी विचारून. एक काकू अजूनही विचारतात की बरी दिसते तर गोळी कशाला. बरी दिसते ती गोळीमुळेच.

'तीन महिन्यांत जे येईल ते, पुढे काही नाही' असं आम्हाला पुष्कळांनी ऐकवलं. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते हे खरं. पुढे थांबते हे खोटं. हिने वाल सोलायला सुरुवात केली ती त्याच्या बरीच नंतर. बचत गटाच्या बायका दुपारी आपापलं काम घेऊन यायच्या, तिच्यासमोर सुपात वाल ठेवायच्या. डाव्या हाताने भरभर व्हायचं, म्हणून डावा हात मांडीखाली ठेवायचा आणि उजव्यानेच एकेक सोलायचा. एक वाल, कपाळावर घाम, पुन्हा एक. फिजिओ ताईंनी बघितलं आणि म्हणाल्या की याच्याहून चांगला व्यायाम मला सुचला नसता. आडाळीवर नारळ खवणं अजून जमत नाही, पात्याची भीती आहे आणि ती योग्यच आहे. पण खवलेला नारळ ती वाटपाला घेते, मिक्सरचं बटण उजव्या हाताने दाबते. बोलते दोनतीन शब्दांची वाक्यं. मला नावाने कधीच हाक मारत नव्हती, ती आता पुन्हा 'अवो' म्हणते, ते पुरेसं आहे.

या सगळ्यातून वाडीत काही गोष्टी बदलल्या, आणि लिहिण्याचं माझं खरं कारण ते आहे. २९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन असतो. त्या दिवशी शेजारच्या त्याच आशा कार्यकर्तीने देवळाच्या सभामंडपात सगळ्यांना बोलावलं. तिने हसा, हात वर करा, नाव सांगा हे सगळ्यांकडून करून घेतलं, पोरांकडूनही. भिंतीवर फलक लावला. त्यावर तीन लक्षणं, १०८, सीटी स्कॅन आणि डॉक्टर चोवीस तास कुठे असतात त्या दोन ठिकाणांचे फोन, आणि वाडीतल्या गाड्यांच्या मालकांचे नंबर. बचत गटाच्या मासिक बैठकीला आता रक्तदाब मोजतात. मोजल्यावर कळलं की कितीतरी जणांचा तो वाढलेला आहे आणि त्यांना पत्ताच नव्हता. पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण तेच. सुका बांगडा, खारं, लोणचं, पापड यांत मीठ किती जातं याची चर्चा पहिल्यांदा झाली. मशेरीची तर फारच झाली. ती सोडणं किती कठीण ते बायकांनीच सांगितलं, आणि दोघींनी सोडलीही. अपंगत्वाच्या दाखल्याची माहितीही तिथेच मिळाली, जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी होते, आम्ही अर्ज केला आहे.

हिवाळ्यात थोरल्या काकांच्याच हातातून बिडी गळून पडली. हात लोंबला, बोबडी वळली, आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. ते म्हणायला लागले, "काय नाय झाला, उगाच गाडी काढू नको." पण समोर बसलेल्या पोराने घड्याळ बघून ठेवलं होतं. लक्षणं येऊन आपोआप गेली तरी तो मोठ्या झटक्याचा इशारा असतो, आणि पुढचे काही दिवस सगळ्यात धोक्याचे. त्यांना त्याच दुपारी नेलं. मानेतल्या रक्तवाहिनीत अडथळा सापडला. औषधं सुरू झाली, बिड्या बंद झाल्या. ते आजही देवळात पहिले हजर असतात.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मुसळधार पावसात ओहोळावरचा कॉजवे पाण्याखाली जातो आणि आमच्या बाजूच्या गाड्या अडकून पडतात. माणसाला साकवावरून डोलीने पलीकडे नेता येईल, पण पलीकडे गाडी हवी. जून ते सप्टेंबर एक गाडी रात्रीची पलीकडे उभी ठेवायची, चावी शाळेजवळच्या घरी द्यायची, एवढं ठरलं आहे. कुणाची गाडी आणि पेट्रोलचे पैसे कुठून, ते येत्या ग्रामसभेत मांडतो आहोत.